नव्या कॉम्प्युटरची हार्डडिस्क कमी का दिसते?

गेल्या वर्षी दुकानाच्या हिशेबासाठी आम्ही नवा कॉम्प्युटर घेतला. बिलावर ‘हार्डडिस्क १ टीबी’ असे लिहिले होते. मुलाने चालू करून पाहिले तर सी ड्राइव्ह अवघी ४६५ जीबीची. निम्म्याहून जास्त माल गायब! बिल घेऊन तडक विक्रेत्याकडे गेलो आणि चार गिऱ्हाइकांदेखत त्या तरुणाला ‘मापात पाप करतोस’ असे सुनावले. तो म्हणाला, "चाचा, आधी बसा. तुमच्यासमोर मोजून दाखवतो."

त्याने स्टार्टच्या खुणेवर माऊसचे उजवे बटण दाबून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडले. खाली डाव्या बाजूला ‘डिस्क ०’ पुढे सगळ्या डिस्कचे माप होते, ९३१ जीबी. त्यातील सी ड्राइव्ह ४६५ची. उरलेल्या जवळजवळ तेवढ्याच जागेवर काळी पट्टी आणि ‘अनअलोकेटेड’ हा शब्द. म्हणजे तागा पूर्ण होता, अर्धा उलगडलाच नव्हता. काळ्या पट्टीखालच्या जागेवर उजवे बटण दाबून ‘न्यू सिंपल व्हॉल्यूम’ निवडले आणि दोन मिनिटांत डी ड्राइव्ह तयार झाली.

मग १००० ऐवजी ९३१ का? कापडवाल्यांना हे चटकन कळेल. १००० वार कापड मीटरने मोजले तर ९१४ भरते. कापड कमी होत नाही, माप बदलते. डिस्क बनवणारा १०० कोटी बाइटचा एक जीबी धरतो. विंडोज मात्र १०२४च्या पटीत मोजते, म्हणून तिचा एक जीबी १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२४ बाइटचा. त्यामुळे ५०० जीबीची डिस्क ४६५, ५१२ची ४७६ आणि २५६ची २३८ दिसते. या फरकावरून अमेरिकेत ग्राहक कोर्टात गेले होते. वेस्टर्न डिजिटल कंपनीने २००६ मध्ये तडजोड केली. आमच्या मते खोक्यावर दोन्ही मापे ठळक छापायला काय हरकत आहे?

विक्रेत्याची माफी मागितली, पण तोवर ती चार गिऱ्हाइके निघून गेली होती.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये ‘रिकव्हरी’ नावाचा छोटा भागही दिसतो. जागा वाढवण्याच्या मोहाने तो पुसू नये. विंडोज बिघडली तर दुरुस्तीला तोच उपयोगी पडतो. ४ टीबीची डिस्क २०४८ जीबीवरच अडली असेल तर ती जुन्या ‘एमबीआर’ पद्धतीने मांडलेली असते, तिला ‘जीपीटी’ लागते. हा बदल करताना डिस्क रिकामी करावी लागते, म्हणून खतावणीची नक्कल आधी दुसरीकडे घ्यावी. ‘डिस्क ०’ पुढचा आकडाच वरच्या मापापेक्षा बराच कमी असेल, तरच बिल घेऊन भांडायला जावे.

खरी फसवणूक उलट दिसते. फुटपाथवर स्वस्तात मिळणारे काही बनावट पेनड्राइव्ह आणि डिस्क पडद्यावर २ टीबी दाखवतात, आत जागा थोडीच असते. ती भरली की पुढचा माल वाया जातो किंवा आधीचा पुसला जातो, आणि ते फाइल उघडेपर्यंत कळत नाही. ‘एच२टेस्टडब्ल्यू’ नावाचा मोफत प्रोग्राम डिस्क काठोकाठ भरून परत वाचून पाहतो. मोठ्या डिस्कला वेळ फार लागतो, रात्री लावून ठेवावा. सकाळी निकाल चोख निघाला, तर मगच जीएसटीची बिले त्यावर ठेवावीत.