बिऱ्हाडकरूची वीज

दारिद्र्याचे माप आपण बहुधा अन्न, वस्त्र आणि निवारा या तीन गोष्टींवरून घेतो. त्यांत आता ऊर्जेची भर घालणे प्राप्त आहे. स्वयंपाकापुरते इंधन, वाचण्यापुरता उजेड आणि उन्हाळ्यात झोप लागण्यापुरता वारा, एवढेही ज्या कुटुंबास आपल्या प्राप्तीत परवडत नाही, ते ऊर्जेच्या बाबतीत दरिद्री होय. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याचे दुखणे यातही निराळे आहे. त्याच्या घरात वीज असते. तिच्यावर सत्ता मात्र दुसऱ्याची असते.

आपली परभणीच पाहा. १९७२ साली स्थापन झालेले कृषी विद्यापीठ, जिल्ह्याच्या कचेऱ्या, मोंढा आणि रेल्वेचे जंक्शन यांमुळे विद्यार्थी, हमाल, गवंडी, लहान नोकरदार असे कितीतरी लोक येथे खोल्या घेऊन राहतात. मे महिन्यात येथील पारा ४२ अंशांच्या वर जातो. पत्र्याच्या खोलीत दिवसभर साठलेली उष्णता मध्यरात्रीपर्यंत निघत नाही. सकाळच्या शाळेत पहिल्याच तासाला पेंगणारे प्रत्येक मूल आळशी असते असे नव्हे, हे शिक्षकाच्या पेशात लवकरच कळते.

छपरास पांढरा चुना द्यावा, आतून छत घालावे, खिडकी मोठी करावी, हे उपाय सर्वांस ठाऊक आहेत. परंतु त्यांचा खर्च घरमालकाचा आणि लाभ बिऱ्हाडकरूचा. म्हणून ते बहुधा होत नाहीत. बिऱ्हाडकरू उद्या सोडावयाच्या घरावर पैसा घालीत नाही, आणि मालकास पंख्याचे बिल भरावे लागत नाही. ही अडचण ओळखून इंग्लंड व वेल्समध्ये २०१८ पासून नव्या आणि २०२० पासून चालू भाडेकरारांसही असा नियम लागू झाला, की ऊर्जेच्या दृष्टीने ठराविक प्रतीपेक्षा हलके घर, काही अपवाद सोडता, भाड्याने देता येणार नाही.

आता बिलाचा हिशेब पाहू. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात. पहिल्या १०० युनिटांस दर कमी. १०१ पासून ३०० पर्यंतच्या युनिटांस तो सुमारे दुप्पट होतो. गरिबाचा वापर थोडा म्हणून त्यास स्वस्त वीज मिळावी, हा यातील हेतू. परंतु एका वाड्यात चार बिऱ्हाडे आणि मीटर एकच असेल तर काय होते? सोयीसाठी पहिल्या टप्प्याचा दर ६ रुपये व दुसऱ्याचा १२ रुपये धरू. प्रत्येक बिऱ्हाड महिना ७० युनिटे वापरते. चार मीटर निराळे असते तर प्रत्येकाचे ४२० रुपये झाले असते. एकाच मीटरवर २८० युनिटे पडली, की पहिल्या १०० चे ६०० आणि उरलेल्या १८० चे २,१६०, एकूण २,७६० रुपये. म्हणजे प्रत्येकास ६९०. मीटर निराळा केल्यास त्याचा स्थिर आकारही निराळा भरावा लागतो, त्यामुळे ही तफावत काहीशी घटते. नाहीशी होत नाही. जी सवलत गरिबासाठी योजिली, ती अशा रीतीने वाटेतच जिरते. मालकाने सबमीटर लावून स्वतःचा दर आकारला, तर ओझे आणखी वाढू शकते.

इतर योजनांचेही असेच आहे. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत छपरावरील सौर संचास कमाल ७८,००० रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. परंतु ज्यास स्वतःचे छप्परच नाही, त्याने संच कोठे बसवावा? उलट स्वयंपाकाच्या गॅसच्या बाबतीत एक शहाणपणाचे पाऊल पडले. २०२१ साली उज्ज्वला योजनेच्या दुसऱ्या पर्वात स्थलांतरित कुटुंबास शिधापत्रिका किंवा पत्त्याचा पुरावा यांऐवजी स्वतःचे घोषणापत्र देण्याची मुभा मिळाली. साहाय्य घरामागे नव्हे, माणसामागे जाऊ शकते, हे त्यावरून दिसले.

विजेच्या बाबतीत कायदा मुका नाही. २००३ च्या वीज कायद्याचे ४३ वे कलम मालकाप्रमाणेच जागेत राहणाऱ्यासही वीजजोडणी मागण्याचा अधिकार देते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या २९ व्या कलमान्वये योग्य कारणावाचून भाडेकरूचे पाणी वा वीज तोडता येत नाही. तोडल्यास न्यायालयाकडे दाद मागता येते. तथापि दाद मागणाऱ्यास त्याच मालकाच्या घरी राहावयाचे असते, आणि त्याच्याजवळ कित्येकदा साधी भाडेपावतीही नसते.

मालकाची बाजूही ऐकिली पाहिजे. मीटर भाडेकरूच्या नावे झाला तर तो पुढे जागेवर हक्क सांगेल, किंवा बिल थकवून निघून जाईल, अशी धास्ती त्यास असते. दिल्ली सरकारने सप्टेंबर २०१९ मध्ये या पेचावर तोड काढली. भाडेकरार किंवा भाडेपावती दाखवून आणि अनामत रक्कम भरून, मालकाच्या संमतिपत्रावाचून, भाडेकरूस निराळा प्रीपेड मीटर घेता येईल अशी ती योजना होती. पैसे आधी भरावयाचे असल्याने थकबाकीचे भय उरत नाही, आणि वीजदरातील सवलत थेट वापरणाऱ्यास पोहोचते.

आपल्याकडेही याच दिशेने जावयास हवे. प्रत्येक बिऱ्हाडास स्वतंत्र मीटर सुलभ व्हावा; वीजजोडणी हा मालकीहक्काचा पुरावा नव्हे, असे अर्जावरच स्वच्छ लिहावे; सबमीटरवर नफा घेण्यास बंदी असावी; आणि जो मालक छप्पर उष्णतारोधक करील त्यास घरपट्टीत काही सूट मिळावी. तोवर आपणांपैकी जे घरमालक आहेत, त्यांनी निदान दर महिन्यास भाड्याची पावती द्यावी आणि महावितरणचे मूळ बिल बिऱ्हाडकरूस दाखवावे. यास नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.