पाच किलोंचं सावज

आफ्रिकेतल्या शिकार-सफारीचं नाव निघालं की सिंह, हत्ती, बिबट्या, गेंडा आणि रानरेडा हे ‘बिग फाइव्ह’ डोळ्यांपुढे येतात. दक्षिण आफ्रिकेतल्या शिकारी मंडळींच्या तोंडी मात्र आणखी एक यादी असते, ‘टायनी टेन’ची. क्लिपस्प्रिंगर, स्टीनबॉक, ओरिबी, सुनी, डिक-डिक, दोन प्रकारचे ग्रिसबॉक आणि तीन प्रकारचे डायकर अशी ही दहा छोटी हरणं. आपला चिंकारा, चौशिंगा किंवा काळवीट यांच्याप्रमाणेच ती कुरंग कुळातली, म्हणजे शिंगं दरवर्षी न गळणारी. त्यांतला निळा डायकर जेमतेम चार-पाच किलोंचा, घरातल्या मांजराएवढा. एवढ्याशा जिवावर बंदूक रोखायला कुणी हजारो मैलांचा प्रवास करून, पैसे मोजून का जावं, हा प्रश्न मनात येणारच, आणि तो रास्त आहे. त्याचं उत्तर शोधायचं तर ही शिकार प्रत्यक्षात होते कशी, हे आधी पाहायला हवं.

दक्षिण आफ्रिकेत किंवा नामिबियात परदेशी शिकाऱ्याला एकट्याने रानात शिरता येत नाही. परवानाधारक वाटाड्या, तिथल्या बोलीत ‘प्रोफेशनल हंटर’ किंवा नुसता ‘पीएच’, बरोबर असावाच लागतो. त्याच्या पुढे माग काढणारा चालतो. मुक्कामाचे पैसे दिवसाच्या हिशेबाने आणि मारलेल्या जनावराचे वेगळे. जनावर जखमी होऊन निसटलं तरी बहुतेक ठिकाणी पूर्ण रक्कम भरावी लागते. चाप पाहुणा ओढत असला, तरी कुठलं जनावर मारायचं आणि कुठलं सोडायचं हे पीएच ठरवतो. छोट्या हरणांच्या बाबतीत तर खरी कसोटी या ठरवण्यातच असते.

स्टीनबॉकच घ्या. माळरानावर राहणारं, विटकरी रंगाचं, साधारण अकरा किलोंचं हे हरीण. शिंगं फक्त नराला, तीही बोटाएवढी, सरळ उभी आणि मोठाल्या कानांच्या मधोमध. गवताची पाती हलत असली की दुर्बिणीतूनही कान कुठला आणि शिंग कुठलं ते कळत नाही. चाहूल लागली की स्टीनबॉक गवतात अंग चोरून बसतो. अगदीच जवळ गेलं तर उसळून नागमोडी पळतो आणि बऱ्याचदा थोड्या अंतरावर थांबून मागे वळून बघतो. शिकाऱ्याला मिळते ती एवढीच संधी. तिकाटण्यावर रायफल टेकवायची, शिंगं कानांच्या वर आली आहेत का हे पीएचने सांगायचं आणि त्याने ‘हो’ म्हटल्यावरच चाप ओढायचा, हे सगळं त्या काही क्षणांत. चांगल्या पीएचच्या तोंडून ‘नको’ हाच शब्द अधिक वेळा ऐकू येतो.

निळ्या डायकरची तऱ्हा वेगळी. ईस्टर्न केप आणि क्वाझुलू-नाताळच्या किनाऱ्यालगतच्या दाट जंगलात तो राहतो. झाडावर माकडं आणि पाखरं फळं खात असली की खाली सांडलेली फळं आणि पानं टिपत हिंडतो, म्हणून त्याला शोधायचं तर वरचा कलकलाटही ऐकावा लागतो. झाडी इतकी गच्च की लांबवर नजर पोचत नाही. तिथे रायफलीपेक्षा छऱ्याची बंदूक वापरतात आणि काही जण छोटे टेरिअर कुत्रे सोडून डायकर उठवतात. ही पद्धत मला पटत नाही. निळ्या डायकरच्या नरालाही शिंगं आणि मादीलाही, तीही डोक्यावरच्या केसांच्या झुपक्यात दडलेली. कुत्र्यांपुढून सुसाट निघालेलं जनावर नर आहे की मादी, हे डोळ्याचं पातं लवेपर्यंत कुणी सांगू शकेल असं वाटत नाही. दक्षिण आफ्रिकेच्या लाल यादीत हा प्राणी ‘असुरक्षित’ गटात आहे आणि वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या ‘साइटिस’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्यामुळे त्याची कातडी देशाबाहेर न्यायलाही परवाना लागतो. अशा जनावराच्या बाबतीत घाई माफ करता येत नाही.

या दहांमध्ये मला सर्वांत विलक्षण वाटतो तो क्लिपस्प्रिंगर. उघड्या खडकांच्या टेकाडांवर त्याचं राज्य. तो खुरांच्या अगदी टोकांवर उभा असतो, एखादी नर्तकी चवड्यांवर उभी राहावी तसा नव्हे, तर त्याहूनही बारीक आधारावर. खुरांची टोकं झिजून गोलसर झालेली असतात आणि तळहाताएवढ्या जागेत चारही पाय मावतात. अंगावरचे केस जाड, पोकळ आणि ठिसूळ. खडकावर आपटलं तर त्यांचा गादीसारखा उपयोग होतो आणि उन्हा-थंडीतही ते कामी येतात. पूर्वीच्या वसाहतवाल्यांनी हे केस खोगिरात भरायला वापरले. डोळ्याच्या कोपऱ्यातल्या ग्रंथीतून निघणारा डांबरासारखा काळा स्राव क्लिपस्प्रिंगर वाळक्या काटकीच्या टोकाला लावून आपली हद्द आखतो. टेकाडावर अशी काळी टोकाची काटकी दिसली की माग काढणारा थबकतो, कारण जोडी आसपासच असणार.

जोडी म्हणजे खरोखरच जोडी. नर-मादी आयुष्यभर एकमेकांना धरून राहतात, चरतानाही काही मीटरांपेक्षा फार लांब जात नाहीत. एक चरतं तेव्हा दुसरं पहारा देतं आणि धोका दिसला की दोघं मिळून शिटी घालतात. नराला गोळी लागली की मादी बऱ्याचदा तिथेच घुटमळते. शिकारीच्या बाजूने बोलणाऱ्यानेही ही गोष्ट झाकून ठेवू नये. पडलेलं जनावर खाली आणतानाही जपावं लागतं: ओढलं तर ते ठिसूळ केस मुठीमुठीने गळतात आणि कातडी वाया जाते. म्हणून माग काढणारा त्याला दोन्ही हातांवर आडवं घेऊन खडकांवरून पावलापावलाने उतरतो. गोळीही विचार करून निवडलेली असते. लहान काडतूस किंवा आत फुटून न पसरणारी गोळी नसेल, तर एवढ्याशा देहाच्या चिंध्या व्हायच्या.

मग मूळ प्रश्न उरतोच: कशासाठी? इथे शौर्याचा दावा करता येत नाही, कारण क्लिपस्प्रिंगर कुणावर चाल करून येत नाही. मांसही मूठभरच. दहाही प्रकार पुरे करण्याची हौस हे बऱ्याच शिकाऱ्यांचं खरं कारण असतं, आणि ती हौस मला मोठी वाटत नाही. पण या हौसेचा पैसा जिथे जातो, तिथली गोष्ट निराळी आहे. नामिबियात 1975 च्या कायद्याने शेतमालकांना आपल्या जमिनीवरच्या अनेक वन्यप्राण्यांवर हक्क मिळाला. 1996 च्या दुरुस्तीने तो गावकऱ्यांच्या सामूहिक जमिनींपर्यंत पोचला आणि 1998 मध्ये पहिल्या चार ‘कन्झर्व्हन्सी’, म्हणजे गावकऱ्यांनीच सांभाळायच्या वन्यजीव-जमिनी, नोंदल्या गेल्या. दक्षिण आफ्रिकेत 1991 चा असाच कायदा आला. ज्या खडकाळ टेकाडावर ना पीक येतं ना गुरं चरतात, त्या टेकाडाला त्यामुळे मोल आलं. याउलट केनियाने 1977 मध्ये शिकार बंद केली. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने दार लावलं आणि ते बंद राहावं असंच मला वाटतं. आपल्याकडे माणसांची दाटी आणि जमिनीची मालकी यांचं गणितच वेगळं आहे. पण नामिबियाच्या ओसाड टेकाडांवर तोच नियम लादला, तर तिथे शेळ्या आणि तारेचे फास आधी पोचतील, हेही तितकंच खरं.

फासाला नर-मादी कळत नाही, आणि चोरून सोडलेल्या कुत्र्यांनाही नाही. ओरिबीची अवस्था पाहिली की हे ध्यानात येतं. दक्षिण आफ्रिकेत हे हरीण ‘संकटग्रस्त’ ठरलं आहे, आणि ते कायदेशीर सफारीमुळे नव्हे. गवताळ माळ नांगरले गेले, तिथे निलगिरी-पाइनची लागवड झाली. त्यात भर म्हणून टोळक्याने येऊन कुत्र्यांचे कळप सोडायचे आणि कुणाचा कुत्रा आधी सावज पाडतो यावर पैजा लावायच्या, असा बेकायदा खेळ माजला. क्वाझुलू-नाताळमधल्या ओरिबीचा मोठा हिस्सा खासगी शेतांवर आहे, त्यामुळे त्यांना वाचवायचं काम शेतकऱ्यांच्या हाती येतं. दरवर्षीच्या मोजणीत ते आपल्या शेतावरची ओरिबी मोजून कळवतात. गवत जाळतानाही सगळा माळ एकदम पेटवून चालत नाही. जळल्यानंतर फुटणारा कोवळा कोंब ओरिबीला चरायला हवा असतो आणि पिल्लू दडवायला शेजारीच उंच जुनं गवतही हवं असतं, म्हणून एक पट्टा जाळायचा आणि लगतचा राखायचा. परवान्याची चौकशी करणाऱ्या शिकाऱ्याने मालकाला आधी हेच विचारावं, की यंदा कुठला पट्टा राखलाय.