संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग

सार्वजनिक बसची सुरक्षितता बरीचशी आगारात ठरते. रात्री उशिरा परतलेली गाडी धुवायची, डिझेल भरायचे, ब्रेक-टायर-दिवे तपासायचे आणि पहाटे ती पुन्हा मार्गावर लावायची, हे चक्र महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या सुमारे अडीचशे आगारांत रोज फिरते. पहिली एसटी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. चालकाने गाडी जमा करताना दोष नोंदवायचा आणि कार्यशाळेने तो काढल्याशिवाय गाडी सोडायची नाही, हा शिरस्ता जुना आहे. ब्रेक उशिरा लागतो, स्टिअरिंग एका बाजूला ओढते, अशा दोन ओळींच्या नोंदीवर पुढच्या दिवशीच्या पन्नास माणसांचा जीव अवलंबून असतो.

हा शिरस्ता पाळण्यात अडचण येते ती जादा गाड्या नसण्याची. आगारात राखीव गाडी उभी असेल तर दोष असलेली गाडी थांबवता येते. ती नसेल तर आगार व्यवस्थापकासमोर दोनच वाटा उरतात: फेरी रद्द करायची किंवा ‘एवढी फेरी मारून ये, मग बघू’ म्हणायचे. फेरी रद्द झाली की शाळेची मुले आणि बाजाराला निघालेली माणसे फाट्यावर तिष्ठतात, तक्रार होते आणि उत्पन्न बुडते. बिघडलेला ब्रेक मात्र बहुतेक वेळा त्या दिवशी निभावून नेतो. रद्द फेरीचा हिशेब संध्याकाळीच लागतो, टळलेल्या अपघाताचा कधीच लागत नाही. सुरक्षिततेवरच्या खर्चाला नेहमी शेवटचा नंबर मिळतो त्याचे खरे कारण हे आहे.

गाडीच्या सांगाड्याबाबत एसटीने उशिरा का होईना, एक पाऊल पुढे टाकले. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळांत वर्षानुवर्षे ॲल्युमिनियमच्या बॉडी बांधल्या जात. त्या हलक्या असत आणि गंजत नसत. पण ट्रकने बाजूने घासले की पत्रा कागदासारखा फाटत जाई आणि खिडकीकडेला बसलेल्यांना त्याचा मार बसे. २०१७च्या सुमारास महामंडळ पोलादी बॉडीकडे वळले. गाडी उलटली तरी छप्पर आसनांवर चेपू नये, ही अपेक्षा पोलादी सांगाड्याकडूनच करता येते.

चालकाविषयीचा कायदा २०२५पर्यंत १९६१चा होता. मोटार परिवहन कामगार अधिनियमानुसार दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास काम, सलग ५ तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती आणि दोन पाळ्यांमध्ये सलग ९ तासांची मोकळीक, अशी सर्वसाधारण मर्यादा होती. लांब पल्ल्याच्या मार्गांसाठी तीत काही सवलत ठेवलेली होती. कागदावर हे नऊ तास दिसतात. ते कुठे आणि कसे जातात, हे कागद सांगत नाही. मुक्कामी गाडीचे चालक-वाहक गावात पोचतात रात्री, निघतात पहाटे. मधल्या वेळात त्यांचे अंथरूण बऱ्याचदा गाडीतल्या बाकड्यावर किंवा टपावर पडते, तेही डास, पाऊस आणि स्वच्छतागृहाचा पत्ता नसणे सोसत. पहाटेच्या पहिल्या फेरीत चाकामागे बसलेला माणूस झोप झालेला आहे की नाही, हे तपासणारे यंत्र आगारात नाही. दारू तपासणारे आहे.

नवी गाडी आली की जुना हातही नव्याने घडवावा लागतो. ९ डिसेंबर २०२४च्या रात्री मुंबईत कुर्ला स्थानकातून निघालेली ३३२ क्रमांकाची बेस्टची विजेवरची बस एस. जी. बर्वे मार्गावर गर्दीत घुसली. किमान ७ जणांचा मृत्यू झाला, चाळीसहून अधिक जखमी झाले. गाडी १२ मीटरची, भाडेतत्त्वावर घेतलेली होती. तपासात चालकाच्या प्रशिक्षणाचा प्रश्न ऐरणीवर आला. विजेच्या बसला क्लच नसतो आणि गिअर टाकावे लागत नाहीत. डिझेलची गाडी पाय दाबल्यावर आधी गुरगुरते, मग हलते. विजेची मोटार पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर देते, आवाज जवळजवळ करत नाही. वर्षानुवर्षे डाव्या पायाने क्लच शोधणाऱ्या चालकाला घाबरल्यावर जुनीच सवय आठवते, आणि चुकीच्या पेडलवर पडलेला पाय काढायला फक्त काही सेकंद असतात. एसटीची भोसरीला मध्यवर्ती प्रशिक्षण संस्था आहे. भाडेतत्त्वावरच्या गाड्यांचे चालक मात्र ठेकेदाराचे नोकर असतात. त्यांच्या प्रशिक्षणाचे दिवस किती, ते कुणी मोजायचे आणि कमी पडले तर गाडी कुणी थांबवायची, या गोष्टी करारात स्पष्ट नसतील तर त्या प्रत्यक्षात कुणाच्याच नसतात.

आगीचा विषय सर्वांत जास्त चर्चिला गेला आहे, कारण त्याची चित्रे विसरता येत नाहीत. ३० ऑक्टोबर २०१३ रोजी बेंगळुरूहून हैदराबादला निघालेली एक खासगी वातानुकूलित बस महबूबनगर जिल्ह्यात पालेमजवळ मोरीच्या कठड्याला घासून पेटली. ४५ जण जळून गेले. ८ ऑक्टोबर २०२२ला नाशिकमध्ये यवतमाळहून मुंबईकडे जाणाऱ्या खासगी बसच्या आगीत १२ जण दगावले. १ जुलै २०२३च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याकडे येणारी बस उलटून पेटली आणि २५ जणांचा कोळसा झाला. तिन्ही गाड्या खासगी होत्या, पण त्यांतले धडे सरकारी गाड्यांनाही तितकेच लागू आहेत. सिंदखेडराजाची बस डाव्या अंगावर पडली. भारतात बसचे दार डावीकडेच असते, त्यामुळे ते जमिनीखाली दाबले गेले. जे वाचले त्यांतले काही काच फोडून बाहेर आले.

बसबांधणीचे मानक एआयएस-०५२ आणि शयनयान बससाठीचे एआयएस-११९ यांत संकटकालीन दरवाजे, खिडक्या, छतातील झडपा आणि हातोड्या यांची तरतूद आहे. इंजिनाच्या कक्षातली आग ओळखून आपोआप विझवणाऱ्या यंत्रणेसाठी एआयएस-१३५ आहे, आणि जानेवारी २०२२मध्ये केंद्र सरकारने लांब पल्ल्याच्या व शाळेच्या बसमध्ये प्रवासी बसतात त्या भागासाठीही आगीपासून संरक्षणाची तरतूद केली. त्यामागचा विचार नेमका होता: बहुतेक माणसे प्रत्यक्ष ज्वाळेने मरण्याआधी धुराने आणि उष्णतेने मरतात, म्हणून बाहेर पडायला मिळणारी मिनिटे वाढवायची. आसनांतला फोम, पडदे, रेक्झिन, छताचे प्लास्टिक पेटले की काळा विषारी धूर होतो आणि तो वरून खाली उतरतो. शयनयानात वरच्या बर्थवर झोपलेला प्रवासी त्यात पहिला सापडतो.

लाल साध्या गाडीतून प्रवास केलेल्या प्रत्येकाने ‘संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग’ ही रंगवलेली अक्षरे पाहिलेली असतात. तो मार्ग उघडून मात्र फार थोड्यांनी पाहिला असेल. त्याची खिट्टी रंगाचे थर चढून घट्ट बसलेली असते, आणि त्याच्यासमोर कांद्याचे पोते, पत्र्याची ट्रंक किंवा लग्नाचे सामान रचलेले असते. वातानुकूलित गाड्यांत खिडक्या बंद काचेच्या असल्यामुळे सगळी मदार हातोडीवर येते, आणि हातोडी जागेवर असली तरी ती वापरायची कशी हे प्रवाशाला कुणी सांगितलेले नसते. बाजूची काच कडक केलेली असते. तिच्या मधोमध मारले तर काच लवून घाव पचवते. कोपऱ्यात, चौकटीच्या जवळ टोकदार बाजूने मारले तर तिचा एकदम चुरा होतो. त्यावर काळी फिल्म चिकटवलेली असेल तर चुराही जागेवरच लटकून राहतो आणि लाथ घालून ढकलावा लागतो. चालकासमोरची काच थरांची असते. तिला तडे जातात, भोक पडत नाही, म्हणून तिच्यावर वेळ घालवू नये. एवढी माहिती द्यायला अर्धे मिनिट पुरते. विमानात ती प्रत्येक उड्डाणाआधी देतात. एसटीत डबल बेल देण्याआधी वाहकाने ती दिली तर पैसा खर्च होत नाही, आणि बहुधा म्हणूनच ती कुणाच्या योजनेत बसत नाही. खरेदी करता येते अशी सुरक्षितता निविदेत मावते. रोज पाळायच्या सवयीची निविदा काढता येत नाही.

गुन्हेगारीपासूनचे संरक्षण हा वेगळा भाग आहे आणि तिथे धोका धावत्या गाडीपेक्षा उभ्या गाडीत जास्त असतो. पुण्याच्या स्वारगेट स्थानकाने हे दोनदा दाखवले. २५ जानेवारी २०१२ रोजी ड्युटीवरून नाराज असलेल्या एका चालकाने त्याला नेमून न दिलेली बस तिथून बाहेर काढली आणि शहरभर बेदरकार चालवून ९ जणांना चिरडले. गाडी फाटकाबाहेर जाताना ती कोण नेत आहे आणि कोणत्या फेरीसाठी, एवढे विचारणारा माणूस असता तर पुढचे टळले असते. २५ फेब्रुवारी २०२५च्या पहाटे त्याच आवारात, गाडी दुसरीकडे लागली आहे असे सांगून एका तरुणीला उभ्या शिवशाही बसकडे नेण्यात आले आणि आत तिच्यावर बलात्कार झाला. त्यानंतर सुरक्षारक्षक बदलले, स्थानकांची तपासणी झाली, भंगारात निघालेल्या गाड्या आवारातून हलवण्याचे आदेश निघाले.

या गुन्ह्यातल्या एका बाबीविषयी कमी बोलले गेले. ती थाप खपू शकली, कारण गाडी नेमलेल्या फलाटावरच लागेल याची खात्री आपल्या स्टँडवर कुणालाच नसते. पहाटे चौकशीची खिडकी बंद असेल, फलकावर गाडीचे नाव नसेल, तर प्रवासी समोरच्या माणसाच्या शब्दावर विसंबतो. फलाटाची चोख माहिती आणि उभ्या गाडीचे कुलूपबंद दार या दोन साध्या गोष्टी कॅमेऱ्याइतक्याच मोलाच्या आहेत. कॅमेरा झालेले टिपतो, कुलूप होऊ देत नाही. मार्च २०२३पासून महिलांना एसटीत निम्मे भाडे आहे, त्यामुळे अवेळी एकट्या प्रवास करणाऱ्या स्त्रियांचा विचार स्थानकांना आता टाळता येणार नाही.

दिल्लीतील डिसेंबर २०१२च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर निर्भया निधी उभा राहिला आणि पुढे एआयएस-१४० मानकानुसार १ जानेवारी २०१९पासून नव्या सार्वजनिक वाहनांत ठिकाण दाखवणारे यंत्र व संकटाचे बटण आवश्यक झाले. बटणाची किंमत त्याच्या दुसऱ्या टोकावर ठरते. तिथे रात्री दोन वाजता जागा माणूस, त्याच्यासमोर गाडीचे ठिकाण आणि जवळच्या पोलीस ठाण्याशी थेट संपर्क असेल तरच ते बटण. एरवी तो लाल रंगाचा प्लास्टिकचा तुकडा.

घातपाताचा अनुभव मुंबईला आहे. २ डिसेंबर २००२ आणि २८ जुलै २००३ रोजी घाटकोपरमध्ये बेस्टच्या बसमध्ये स्फोट झाले. अशा प्रसंगी बेवारस पिशवी शोधण्याचे सर्वांत भरवशाचे साधन वाहक असतो. शेवटच्या थांब्यावर गाडीभर फिरून बाकड्याखाली नजर टाकणे हे त्याचे काम. आता एसटीत विनावाहक फेऱ्या आहेत आणि बेस्टनेही काही मार्गांवर वाहक कमी केले. तिकीट यंत्र देईल, पण आग लागल्यावर मागचे दार उघडणे, जखमींना उतरवणे, अंधारात प्रवासी मोजणे ही कामे कोण करणार, हे ठरवल्याशिवाय दुसरा माणूस काढून घेणे धाडसाचे आहे.

नैसर्गिक संकटांत कोकणचा अनुभव मोठा आहे. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला आणि एसटीच्या दोन बस प्रवाशांसह वाहून गेल्या. नौदलाचे पाणबुडे आणि क्रेनला टांगलेले ३०० किलोचे लोहचुंबक लावून शोध घ्यावा लागला. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. अंधारात तुटलेला पूल दिसणे कोणत्याही चालकाच्या हातात नव्हते. त्याची जबाबदारी पुलाच्या तपासणीवर आणि पूर वाढताच रस्ता बंद करणाऱ्यावर येते. २८ सप्टेंबर २०२१ला यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडजवळ दहागाव नाल्यावर मात्र पाणी पुलावरून वाहताना दिसत होते आणि नागपूर-नांदेड बस त्यात गेली. वाहत्या पाण्यात गाडी घालू नये हे प्रत्येक चालकाला सांगितलेले असते. पण थांबल्यावर मागून हॉर्न वाजतात, ‘हे काय पाणी आहे, टाका की’ म्हणून प्रवासी गलका करतात, आणि उशिराचा जाब त्यालाच द्यावा लागतो. थांबलेल्या चालकाच्या पाठीशी लेखी संरक्षण हवे, ते याच क्षणासाठी.

आगारे स्वतःही पुरात सापडतात. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण आगार बुडाले, तेव्हा तिथले व्यवस्थापक आगाराची सुमारे ९ लाखांची रक्कम घेऊन सहकाऱ्यांसह बसच्या टपावर सुमारे नऊ तास बसून होते. त्यांच्या निष्ठेचे कौतुक झाले ते योग्यच. पण रोकड कुठे हलवायची, गाड्या कोणत्या उंच जागी न्यायच्या आणि पाण्याची कोणती पातळी आली की हे सुरू करायचे, याचा लेखी आराखडा असेल तर असल्या निष्ठेची वेळ येत नाही.

अपघातानंतरच्या पहिल्या तासासाठी राज्यात २०१४पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे. २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले आणि जखमींना मदत करणाऱ्याला चौकशीच्या ससेमिऱ्यापासून संरक्षण मिळाले. मे २०२५पासूनच्या केंद्रीय योजनेत जखमीवर ७ दिवसांपर्यंत दीड लाखांचे उपचार रोख न भरता होऊ शकतात. एसटीने २०१६पासून तिकिटामागे १ रुपया घेऊन अपघात सहाय्यता निधी उभारला असून मृताच्या वारसांना १० लाखांची तरतूद त्यात आहे. तरी एक अडचण उरते. अनारक्षित तिकिटावर नाव नसते. सावित्रीच्या वेळी गाडीत कोण होते याचा अंदाज नातेवाइकांच्या विचारणांवरून बांधावा लागला. वाहकाच्या तिकीट यंत्रातली नोंद वेळोवेळी आगारात पोचत राहिली तर निदान किती माणसे शोधायची हा आकडा तरी लगेच हाती येतो.

चौकशीची गोष्ट सर्वांत अपुरी आहे. रेल्वेच्या मोठ्या अपघाताची चौकशी रेल्वे सुरक्षा आयुक्त करतात आणि ते रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात; ज्याची गाडी, त्यानेच चौकशी करायची नाही, हा त्यामागचा हेतू. बससाठी अशी स्वतंत्र यंत्रणा नाही. पोलीस गुन्हा कुणावर हे पाहतात, परिवहन कार्यालय गाडीची तांत्रिक तपासणी करते, महामंडळ चालकाची खातेनिहाय चौकशी करते. रस्त्याचे वळण, आदल्या रात्रीची झोप, दारासमोरचे सामान आणि ठेकेदाराचा करार या चारही गोष्टी एकाच टेबलावर ठेवून वाचणारे कार्यालय अजून कुठेच नाही.