स्लगच्या बंदुकीला दुर्बीण कोणती? आधी कायदा, मग काच

स्वोर्ड्स (आयर्लंड) : नोव्हेंबर उजाडला की स्वोर्ड्सच्या उत्तरेला पसरलेल्या शेतांपलीकडून सकाळच्या वेळी बाराबोरचे बार ऐकू येऊ लागतात. फेझंट पक्ष्याचा हंगाम १ नोव्हेंबर ते ३१ जानेवारी असा असतो. मूळच्या सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडच्या माणसाला हा आवाज परका नाही. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची आणि निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करावी लागणारी बंदूक त्याने घरात किंवा शेजारी पाहिलेली असते. त्यातच न्यू जर्सीतल्या आतेभावाने हरणाच्या शिकारीची छायाचित्रे पाठविली आणि त्यांत शॉटगनवर दुर्बीण बसविलेली दिसली, की प्रश्न साहजिकच निघतो : आपणही येथे तेच करावे का, आणि करायचे तर स्कोप कोणता घ्यावा?

या प्रश्नाचा उत्तरार्ध तंत्राचा आहे, पूर्वार्ध कायद्याचा. आणि पूर्वार्धाचे उत्तर आयर्लंडपुरते एका शब्दात देता येते : नाही. १९७६ च्या वन्यजीव कायद्याखाली १९७७ साली जी नियमावली झाली, तिने हरणासाठी केवळ रायफलला मान्यता दिली. नळीचा व्यास किमान .२२ इंच, गोळीचे वजन किमान ५५ ग्रेन आणि नळीच्या तोंडाशी ऊर्जा किमान १,७०० फूट-पौंड, अशा अटी तीत आहेत. शॉटगन, मग तिच्यात छर्रे असोत की एकच जाड गोळी, हरणावर चालविता येत नाही. विकलोच्या डोंगरांत सिका हरणे भरपूर आहेत. १८६० मध्ये पॉवर्सकोर्टच्या जहागिरीत आणलेल्या कळपाचा हा विस्तार. परंतु तेथे जायचे तर रायफलचे प्रमाणपत्र आणि हरणाच्या शिकारीचा स्वतंत्र परवाना, दोन्ही हवेत. स्वोर्ड्सच्या शेतावरची बाराबोर तेथे निरुपयोगी ठरते.

अटलांटिकच्या पलीकडे हाच नियम उलटा होतो. न्यू जर्सी आणि मॅसॅच्युसेट्स या राज्यांत हरणासाठी रायफल नको, शॉटगन किंवा ठासणीची बंदूक वापरा, असा दंडक आहे. ओहायो आणि इलिनॉय या राज्यांतही दीर्घकाळ शॉटगनचेच राज्य होते. अलीकडच्या काळात त्यांनी काही ठरावीक काडतुसांच्या रायफलींना दार उघडले आहे. दाट वस्ती आणि सपाट जमीन असलेल्या भागात रायफलची गोळी फार दूर जाते, स्लग लवकर खाली येते, हे या नियमामागचे तर्कशास्त्र. ते वाटते तितके निर्विवाद नाही. पेनसिल्वेनियात २००७ साली झालेल्या एका अभ्यासाने दाखवून दिले, की जमिनीला समांतर झाडलेली स्लग आपटून उसळली तर ती रायफलच्या गोळीच्या तुलनेत कमी दूर जाईल असे गृहीत धरता येत नाही. थोडक्यात, एक देश जखमी जनावराची चिंता करून शॉटगन नाकारतो आणि दुसरा शेजारच्या घराची चिंता करून रायफल नाकारतो. म्हणून स्लगसाठी स्कोप निवडण्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने न्यू जर्सीच्या आतेभावाचा आहे; तसेच डिसेंबरच्या हंगामात त्याच्याकडे जाऊ पाहणाऱ्या स्वोर्ड्सच्या पाहुण्याचा.

आयरिश परसबागेत स्लग म्हणजे बिनशंखाची गोगलगाय, आणि लेट्युसचा शत्रू. बंदुकीतील स्लग म्हणजे छर्ऱ्यांऐवजी काडतुसात भरलेली एकच अखंड शिशाची गोळी. एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले, तर त्यांतील एकाचा जो व्यास तो बाराबोर नळीचा. म्हणजे सुमारे १८.५ मिलिमीटर. त्यातून साधारण २८ ग्रॅमची गोळी सेकंदाला १,६०० फुटांच्या आसपास वेगाने बाहेर पडते. जर्मनीच्या विल्हेल्म ब्रेनेकेने १८९८ मध्ये आणि अमेरिकेच्या कार्ल फॉस्टरने १९३१ मध्ये बनविलेल्या स्लगा गुळगुळीत नळीसाठी आहेत. आतून पिळाचे आटे असलेल्या नळीसाठी प्लास्टिकच्या आवरणातील, आकाराने लहान अशी सॅबो स्लग येते. गुळगुळीत नळीचा भरवशाचा पल्ला ७५ यार्डांच्या आसपास, पिळाच्या नळीचा १५० यार्डांपर्यंत. फॉस्टर स्लगचा नेम ५० यार्डांवर बसविला, तर १०० यार्डांवर ती पाचेक इंच खाली पडते. स्कोपविषयीचा प्रत्येक निर्णय या आकड्यांवरून निघतो; दुकानातील जाहिरातीवरून नव्हे.

पहिली बाब डोळ्याची. स्कोपच्या मागील काचेपासून डोळा किती अंतरावर ठेवला असता पूर्ण चित्र दिसते, ते अंतर येथे जीव की प्राण आहे. आयर्लंडमध्ये हरणासाठी बरीच वापरली जाणारी .२४३ रायफल जेवढा धक्का देते, त्याच्या तिपटीहून अधिक धक्का साडेसात पौंडांची बाराबोर स्लग झाडताना देते. बंदूक मागे येते, तिच्यासोबत स्कोपची धातूची कड येते, आणि नेमबाजाच्या भुवईवर अर्धचंद्राकृती जखम उमटते. हे अंतर साडेतीन इंच असलेला सर्वसाधारण रायफल-स्कोप येथे अपुरा पडतो. चार इंच किंवा त्याहून अधिक हवे. यात एक मेख आहे. अनेक स्कोपमध्ये मोठेपणा वाढविला की हे अंतर कमी होते, आणि खोक्यावर मात्र सोयीचा आकडा छापलेला असतो. तेव्हा खरेदीपूर्वी कमाल मोठेपणावरील अंतर विचारावे. धक्क्याचा परिणाम केवळ भुवईपुरता राहत नाही. एकदा मार खाल्लेला माणूस पुढच्या वेळी चाप ओढण्याआधीच डोळे मिटतो, खांदा आखडतो. आणि ती गोळी हरणाच्या छातीऐवजी पोटात किंवा पायात जाते.

दुसरी बाब मोठेपणाची. चूक होते ती बहुधा येथेच. नऊ पट मोठे दिसणारा स्कोप चार पटीच्या स्कोपहून चांगला, असे ग्राहकाला सहज वाटते. नऊ पट मोठेपणावर १०० यार्डांवरील सुमारे ११ फूट रुंदीचे दृश्य दिसते. म्हणजे २५ यार्डांवर तीन फुटांहूनही कमी. झाडीतून अचानक पुढे आलेले हरीण तेवढ्या चौकटीत दिसते ते केसाळ भिंतीसारखे. खांदा कोणता आणि मांडी कोणती हे कळेपर्यंत ते निघून गेलेले असते. दोन पटीवर त्याच २५ यार्डांवर ११ फुटांच्या जवळपास दृश्य मिळते. गुळगुळीत नळीसाठी एक ते चार पट, पिळाच्या नळीसाठी दोन ते सात पट, याहून अधिकाची गरज नाही. सगळे बार ७५ यार्डांच्या आतच पडणार असतील, तर बिनमोठेपणाचा लाल ठिपक्याचा दर्शकही उत्तम. त्यात डोळ्याच्या अंतराचा प्रश्नच उरत नाही.

कमी मोठेपणाचा आणखी एक लाभ तिन्हीसांजेला कळतो. पुढील काचेचा व्यास मोठेपणाने भागला, की डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. ३२ मिलिमीटरची काच चार पटीवर ८ मिलिमीटरचा झोत देते. ४० मिलिमीटरची काच नऊ पटीवर जेमतेम साडेचार. अंधारात तरुण डोळ्याची बाहुली सुमारे ७ मिलिमीटर उघडते आणि वयानुसार हा आकडा घटत जातो. त्यामुळे चाळिशी ओलांडलेल्याने मोठ्या काचेसाठी वजन आणि पैसा खर्च करण्यात अर्थ नाही.

पॅरॅलॅक्सचा मात्र विक्रेत्यांनी उगाच बाऊ केला आहे. डोळा स्कोपच्या मध्यापासून सरकला की फुलीही लक्ष्यावरून सरकल्यासारखी दिसते, तो हा दोष. रायफलचे स्कोप बहुधा १०० यार्डांसाठी, तर शॉटगनचे ७५ किंवा ५० यार्डांसाठी जुळविलेले असतात, आणि त्यावरून ‘खास स्लगसाठी’ अशी चिठ्ठी लावून ते विकले जातात. हिशेब केला तर चित्र स्पष्ट होते : ४० मिलिमीटर काचेचा, १०० यार्डांवर जुळविलेला स्कोप ५० यार्डांवर वापरला आणि डोळा अगदी काचेच्या कडेपर्यंत सरकला, तरी चूक सुमारे १० मिलिमीटरची. हरणाच्या छातीतील मर्मस्थान २० सेंटिमीटरच्या आसपास असते. घरात आधीच कमी मोठेपणाचा, डोळ्याला पुरेसे अंतर देणारा चांगला स्कोप असेल, तर केवळ या चिठ्ठीसाठी नवा घेण्याचे कारण नाही.

वाचलेला पैसा बैठकीवर खर्च करावा. पंप पद्धतीच्या शॉटगनमध्ये नळी चौकटीत सरकवून पुढच्या टोपीने आवळलेली असते. तिला किंचित खेळ असतो. स्कोप चौकटीवर आणि गोळी नळीतून, अशी रचना असली की दोघांचे मत दर बाराला थोडे बदलते. नळीलाच जोडलेली, मागे चौकटीवर झेपावणारी पट्टी असली की हा दोष जातो. सॅव्हेज २२० सारख्या वीस बोरच्या बोल्ट बंदुकीत हा प्रश्नच येत नाही, आणि धक्काही कमी. उलट आयर्लंडमधील शेतावर दिसणाऱ्या दुनळीवर स्कोप बसविणे व्यर्थ आहे. तिच्या दोन नळ्या छर्ऱ्यांच्या फवाऱ्यासाठी जुळविलेल्या असतात, एकाच बिंदूवर गोळी टाकण्यासाठी नव्हे. शिवाय शॉटगनचा दस्ता नळीच्या टोकावरील मण्याकडे पाहण्यासाठी घडविलेला, म्हणून सखल असतो. स्कोप वर बसला की गाल दस्त्यावरून उचलला जातो. दस्त्यावर बांधायची साधी उशी लावून गाल वर घेतला नाही, तर महागडी काचही नेम टिकवीत नाही.

स्वोर्ड्सच्या पाहुण्याने जपायच्या गोष्टी याहून वेगळ्या आहेत. भारतीय पारपत्रावर तात्पुरता अमेरिकी व्हिसा घेऊन गेलेल्या व्यक्तीला, मग तो पर्यटनाचा असो की एच-वन-बीसारखा नोकरीचा, तेथील संघीय कायदा बंदूक आणि काडतुसे बाळगण्यास मनाई करतो. या मनाईला मोजके अपवाद आहेत. त्यांतील सर्वांत उपयोगी म्हणजे एखाद्या अमेरिकी राज्याने दिलेला वैध शिकार-परवाना. आतेभावाच्या अंगणात ‘जरा धरून पाहा’ म्हणून हाती दिलेली बंदूकही, परवाना नसेल, तर पुढच्या प्रत्येक व्हिसा-अर्जावर सावली टाकू शकते. ग्रीन कार्डधारकाला ही मनाई लागू नाही.

परतीच्या सामानाचेही तसेच. अमेरिकेतून बंदुकीचा स्कोप बाहेर नेणे तेथील निर्यात-नियमांच्या कक्षेत येते. भाऊबीजेची भेट म्हणून टपालाने पाठविण्याची ती वस्तू नव्हे. आयर्लंडमध्ये साधा काचेचा स्कोप स्वतंत्र शस्त्र समजला जात नाही. परंतु प्रकाशझोत सोडणारी, प्रकाश वाढविणारी इलेक्ट्रॉनिक किंवा इन्फ्रारेड उपकरण असलेली बंदुकीची दुर्बीण कायद्याच्या व्याख्येत स्वतःच ‘शस्त्र’ आहे. रात्री दिसणारा स्कोप स्वस्तात मिळाला म्हणून ऑनलाइन मागविणारा माणूस, घरी एकही बंदूक नसताना, विनापरवाना शस्त्र बाळगणारा ठरतो.

अखेरीस आतेभावाचे काम उरते. स्कोप बसविल्यावर पहिला नेम २५ यार्डांवर घ्यावा, कारण तेथे गोळी निदान कागदावर तरी पडते; मग ५० यार्डांवर तीन-तीन बारांचे गट पाहावेत, मध्ये नळी थंड होऊ द्यावी. एकाच नळीतून दोन कंपन्यांच्या स्लगा एका जागी पडतीलच असे नाही. म्हणून ज्या खोक्यातील काडतुसांवर नेम बसविला, त्याच प्रकारची दोन खोकी आणखी घेऊन हंगामापुरती बाजूला ठेवावीत.