बातमीचें मोल

ब्रिटनमध्यें टेलिव्हिजन पाहणाऱ्या कुटुंबाला दरवर्षीं एक वर्गणी भरावी लागते. आज मी तिच्याविषयीं बोलणार आहें. चिखलदऱ्यासारख्या डोंगरमाथ्यावर राहणाऱ्या एका सेवानिवृत्त मास्तरानें ही उठाठेव कां करावी, असें आपणांस वाटणें स्वाभाविक आहे. परंतु ह्या प्रश्नाचा धागा माझ्या घरांतील एका जुन्या रेडिओशीं जाऊन भिडतो, म्हणून तेथूनच आरंभ केलेला बरा.

३१ ऑक्टोबर १९८४ चा तो दिवस. मी नुकताच शाळेंत नोकरीस लागलों होतों व दिवाळीच्या सुटीनिमित्त घरीं आलों होतों. पंतप्रधान इंदिरा गांधी ह्यांच्यावर सकाळीं गोळ्या झाडण्यांत आल्याचें कानांवर आलें होतें. पुढें काय झालें, तें मात्र कळेना. आकाशवाणीनें त्यांच्या निधनाची वार्ता सायंकाळीं दिली. लंडनच्या बी. बी. सी. नें ती त्यापूर्वींच जगाला सांगितली होती, व आमच्या वडिलांनीं रेडिओचा कांटा फिरवीत ती ऐकली होती. त्या काळीं रेडिओ बाळगावयाचा म्हणजे पोस्टांत पैसे भरून परवाना घ्यावा लागे. वडील म्हणाले, "ज्याच्यासाठीं मी वर्षानुवर्षें पंधरा रुपये भरीत आलों, तो गप्प, आणि ज्याला मीं कधीं दमडी दिली नाहीं, तो सांगतो आहे." ह्या वाक्याचा पूर्वार्ध मला तेव्हांच समजला. उत्तरार्ध समजावयास चाळीस वर्षें लागलीं.

२०२५ सालच्या हिवाळ्याच्या तोंडीं मी माझ्या मुलीकडे लेस्टर येथें कांहीं महिने राहिलों. तेथील थंडीचें व धुक्याचें मला विशेष वाटलें नाहीं. आमच्या गांवींहि शेकोटीवांचून भागत नाहीं. विशेष वाटलें तें दुपारीं चारच्या सुमारास पडणाऱ्या अंधाराचें. त्या अंधारांत घरोघरीं दारें लागतात, पडदे ओढले जातात, आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धांना सोबत उरते ती टेलिव्हिजनची. आमच्या शेजारीं अशाच एक वृद्ध बाई राहत. सहाच्या बातम्या लागल्या कीं त्या चहाचा पेला घेऊन बसत, आणि वृत्तनिवेदकाशीं जणू तो समोर बसला आहे अशा थाटांत वाद घालीत.

एके दिवशीं मुलीच्या घरीं परवान्याच्या नूतनीकरणाचें पत्र आलें. रक्कम होती १७४ पौंड ५० पेन्स, म्हणजे आपले सुमारें वीस हजार रुपये. थेट प्रक्षेपण पाहावयाचें, मग तें टेलिव्हिजनवर असो कीं मोबाइलवर, तर परवाना हवाच. न घेतां पाहिलें तर न्यायालयांत दंड होतो. मुलगी म्हणाली, "बाबा, मुलें टेलिव्हिजनकडे ढुंकूनहि पाहत नाहींत. बातम्या तर फोनवर फुकट मिळतात. मग एवढे पैसे कां घालवायचे?" मला एकदम उत्तर सुचलें नाहीं. तें शोधण्यासाठीं मीं ह्या वर्गणीचा इतिहास चाळला.

ही पद्धत टेलिव्हिजनपेक्षांहि जुनी आहे. १९२२ सालीं रेडिओसाठीं दहा शिलिंगांचा परवाना सुरू झाला. १ जानेवारी १९२७ रोजीं बी. बी. सी. ही राजसनदेनें स्थापन झालेली सार्वजनिक संस्था बनली. टेलिव्हिजनचें नियमित प्रक्षेपण १९३६ च्या नोव्हेंबरांत आरंभलें, महायुद्धांत बंद पडलें व १९४६ च्या जूनमध्यें पुनः सुरू झालें; त्या वेळीं दोहोंसाठीं मिळून वर्गणी दोन पौंड ठरली. योजनेचें मर्म असें, कीं खर्च श्रोत्यांनीं व प्रेक्षकांनीं सोसावा, जाहिरातदाराचा आश्रय घेऊं नये, आणि सरकारनें वर्गणीचा आंकडा ठरवावा, पण बातमीचा मजकूर ठरवूं नये.

हें शेवटचें कलम नेहमींच पाळलें गेलें, असें मात्र नव्हे. १९२६ च्या सार्वत्रिक संपांत मजूर पक्षाचे पुढारी रॅमसे मॅक्डोनल्ड ह्यांना रेडिओवर बोलूं देण्यांत आलें नाहीं. उलट १९५६ सालीं सुएझच्या प्रकरणीं पंतप्रधान ईडन ह्यांच्या भाषणानंतर विरोधी पक्षाचे नेते गेट्स्केल ह्यांनाहि उत्तरासाठीं वेळ देण्यांत आला, आणि सरकारचा रोष संस्थेनें पत्करला. तीस वर्षांत एवढें अंतर तिनें कापलें, तें कोणाच्या कृपेनें नव्हे. पैसे भरणारी जनता आपल्या पाठीशीं आहे, ह्या भरंवशाचाहि त्यांत मोठा वांटा असला पाहिजे, असें मला वाटतें.

येथें वडिलांच्या वाक्याचा उत्तरार्ध मला उलगडला. परदेशांसाठीं होणाऱ्या प्रक्षेपणाचा खर्च तर वर्गणींतूनहि होत नव्हता. २०१४ पर्यंत तो प्रामुख्यानें ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या अनुदानांतून होत असे. म्हणजे आम्हीं दमडी दिली नव्हती, पण कोणी तरी दिलीच होती. लेस्टरमधल्या त्या बाईंनीं आपल्या तारुण्यांत भरलेल्या करांतून चिखलदऱ्याच्या एका ओसरीवर ती बातमी पोंचली होती. त्यांत ब्रिटनचा स्वार्थ नव्हता असें मी म्हणत नाहीं. पण इतकें खरें, कीं खर्च सोसणाऱ्या सरकारच्या हातीं बातमीची लेखणी सोंपविलेली नव्हती. आमच्या पंधरा रुपयांत आणि त्यांच्या पौंडांत फरक होता तो हाच.

मी तेथें असतांनाच, नोव्हेंबर २०२५ मध्यें, त्या संस्थेवर मोठा प्रसंग आला. अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प ह्यांच्या २०२१ च्या एका भाषणांतील दोन वेगळे भाग एका कार्यक्रमांत जोडून दाखविल्याबद्दल टीकेचें वादळ उठलें, आणि महासंचालक टिम डेव्ही व वृत्तविभागाच्या प्रमुख डेबोरा टर्नेस ह्यांनीं राजीनामे दिले. मीं शेजारच्या बाईंना विचारलें, "आतां तरी आपण वर्गणी बंद करणार काय?" त्या म्हणाल्या, "माझे पैसे आहेत, म्हणून तर मला रागावतां येतें." ह्या उत्तरापुढें माझा सारा इतिहास फिका पडला. सध्यांच्या सनदेची मुदत ३१ डिसेंबर २०२७ ला संपते. पुढें ही वर्गणी राहावी कीं दुसरी कांहीं व्यवस्था व्हावी, ह्याचा वाद तेथें चालू आहे. व्यवस्था कोणतीहि येवो, रागावण्याचा हा हक्क तींत शिल्लक राहिला म्हणजे पुष्कळ झालें.

आपल्याकडे रेडिओचा परवाना गेल्या शतकाच्या नवव्या दशकांत रद्द झाला, आणि आपण सुटकेचा निःश्वास टाकला. १९९७ सालीं प्रसार भारती स्थापन झाली. तिचा भार सरकारी अनुदानावर व जाहिरातींवर आहे. खासगी वाहिन्या मुख्यतः जाहिरातींवर जगतात, आणि फोनवरची बातमी तर फुकटच येते. वेगाचें म्हणाल तर तो आतां अपार आहे. १८०३ च्या डिसेंबरांत आर्थर वेलस्लीनें आमच्या शेजारचा गाविलगड घेतला, तेव्हां ती वार्ता जहाजानें लंडनला पोंचावयास महिने लागले. आतां गडावर पाऊस लागला तर माझ्या मुलीला लेस्टरमध्यें तत्क्षणीं कळतें. वेग स्वस्त झाला. पण कोणी तरी जागेवर जाऊन, विचारपूस करून, खरेंखोटें पाहून लिहावयाचें, ह्याचा खर्च मात्र कमी झालेला नाहीं.

हें मी स्वतः चूक करून शिकलों आहें. दोन-तीन पावसाळ्यांपूर्वीं परतवाड्याचा घाट दरड कोसळून बंद झाल्याचा एक निरोप माझ्या फोनवर आला. मीं तो शहानिशा न करतां दहाजणांना धाडला. मास्तरांनीं धाडला म्हणजे खराच असणार, असें समजून शेजारच्या एका गृहस्थानें आपल्या आजारी पत्नीला परतवाड्याच्या दवाखान्यांत नेण्याचें एक दिवस लांबणीवर टाकलें. घाट त्या दिवशीं मोकळा होता. बाईंना पुढें बरें वाटलें, हें आमचें भाग्य. त्या गृहस्थानें मला एका शब्दानेंहि बोल लावला नाहीं. त्याचेंच मला अधिक लागलें. काटकसर म्हणून मीं वर्तमानपत्र बंद केलें होतें, तें त्याच्या आदल्याच वर्षीं.

मुलीनें त्या सायंकाळीं बराच वेळ विचार करून पैसे भरले. "एक वर्ष आणखी पाहूं, बाबा," एवढेंच ती म्हणाली. मीं परत आल्यावर वर्तमानपत्र पुनः सुरू केलें. पावसाळ्यांत तें कधीं दुपारीं येतें, कधीं भिजलेलें येतें, आणि त्यांतील मजकूर नेहमींच माझ्या मनासारखा असतो असें नाहीं. तसें वाटलें म्हणजे मी संपादकांना पत्र लिहितों. पैसे भरलेले असल्यामुळें तो अधिकार मला आहे, असें मी समजतों.