सात सीटर घ्यायचीय? आधी ‘ऑन-रोड’चा कागद नीट वाचा

चौसाळ्यातल्या एकत्र कुटुंबाला अर्टिगा, कॅरेन्स, रुमियनसारखी गाडी लग्नकार्याला, तुळजापूरला, दवाखान्याला फार सोयीची. पाडव्याला बुकिंग करण्याआधी एवढं करा मंडळी:

🔹 बीड, धाराशिव, संभाजीनगर तिन्हीकडून लेखी कोटेशन आणा. एकाचं दुसऱ्यापुढे ठेवलं की भाव उतरायला लागतो.

🔹 एक्स-शोरूम, आरटीओ, विमा, अ‍ॅक्सेसरीज वेगवेगळं लिहून मागा. पेट्रोल गाडीला राज्यात १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२ टक्के कर आहे. त्यात घासाघीस चालत नाही.

🔹 घासाघीस करायची ती विम्यात. शोरूमचाच विमा घ्या अशी सक्ती नाही. बाहेरचा दर काढून न्या.

🔹 ‘हँडलिंग चार्जेस’ची ओळ दिसली की खोडायला लावा.

🔹 १० लाखांवरच्या गाडीला १ टक्का टीसीएस (विक्रीवेळी घेतला जाणारा आयकर) लागतो. आयकर रिटर्न भरताना तो वळता होतो, पावती जपा.

🔹 डिसेंबरात सूट चांगली मिळते, पण गाडी कोणत्या महिन्यात बनली ते तपासा.

🔹 बोलणी एकूण किमतीवर करा, हप्त्यावर नको.

सगळं कागदावर आल्याशिवाय बुकिंगचा रुपयाही देऊ नका. गाडी बघत असलेल्या पाहुण्यांनाही ही पोस्ट पाठवा.