मानसिक आजाराच्या गोळ्या कमी करताना

मानसिक आजारावरचे औषध वर्षानुवर्षे घेतल्यानंतर ते हळूहळू कमी करणे आणि जमल्यास थांबवणे, हा उपचाराचाच एक टप्पा आहे. औषध सुरू करताना निदान, मात्रा, पुढच्या तपासणीची तारीख असा सगळा विचार होतो. थांबवताना तो क्वचित होतो. बहुतेक वेळा गोळ्या संपतात आणि उपचारही तिथेच थांबतो.

असे का होते, ते झरी जामणीसारख्या तालुक्यात लगेच लक्षात येते. यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय भागातला हा तालुका कोलाम आणि गोंड वस्त्यांचा, कोरडवाहू कापसाचा. पैनगंगा ओलांडली की तेलंगणातला आदिलाबाद जिल्हा लागतो. मनोविकारतज्ज्ञ गाठायचा तर यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय. एका फेरीत दिवसाची मजुरी बुडते आणि भाडे दोघांचे लागते, कारण रुग्णाला एकटे पाठवता येत नाही. पेरणी किंवा वेचणीच्या धांदलीत फेरी चुकली की औषध त्याच दिवशी बंद. शिवाय बरे वाटू लागले की ‘आता कशाला वेडाच्या गोळ्या’ हे घरातच कुणीतरी म्हणते. त्यामुळे अशा भागात औषध सुटण्याचा प्रश्न मुख्यतः एकदम सुटण्याचा आहे, आणि तोच सर्वांत धोक्याचा प्रकार आहे.

मेंदूवर काम करणारे औषध रोज मिळत राहिले की चेतापेशी त्याच्याशी जुळवून घेतात. पेशींवरच्या, संदेश घेणाऱ्या ग्राहींची संख्या आणि संवेदनक्षमता बदलते. औषध अचानक काढले तर हे जुळवून घेतलेले शरीर काही काळ उघडे पडते. चक्कर, मळमळ, घाम, झोप न लागणे, भडक स्वप्ने, चिडचिड, विनाकारण रडू येणे, डोक्यात विजेचा बारीक झटका बसल्यासारखे वाटणे ही नैराश्यावरच्या औषधांच्या बाबतीत नेहमी दिसणारी लक्षणे. यांना औषधत्यागाची लक्षणे म्हणतात. ती येणे म्हणजे व्यसन लागले असे नव्हे. व्यसनात असते ती ओढ आणि वाढत्या मात्रेची हाव इथे नसते.

खरी अडचण पुढे आहे. ही लक्षणे आणि मूळ आजार उलटणे यांत गल्लत फार सहज होते. झोप उडाली, जीव घाबरा झाला की घरचे म्हणतात, दुखणे परत आले. कधी डॉक्टरही तसेच समजतात, आणि जुनी मात्रा आयुष्यभरासाठी पक्की होते. फरक ओळखायला काळाचा हिशेब उपयोगी पडतो. औषधत्यागाची लक्षणे मात्रा कमी केल्यावर सहसा काही दिवसांतच सुरू होतात, आणि झटके, चक्कर, मळमळ यांसारखी काही लक्षणे मूळ आजारात कधी नव्हतीच अशी असतात. मागची मात्रा पुन्हा सुरू केली की ती बरेचदा दोन-चार दिवसांत ओसरतात. आजार उलटतो तो साधारणपणे आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, हळूहळू आणि जुन्याच रूपात. फ्लुओक्सेटिन शरीरातून फार सावकाश जाते, म्हणून त्याची लक्षणे उशिरा उमटतात. पॅरोक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिन लवकर उतरतात, त्यामुळे त्यांचा एखादा खाडाही जाणवतो. म्हणूनच कोणती गोळी, किती मात्रेची आणि कोणत्या तारखेला कमी केली याची वहीतली साधी नोंद इथे मोलाची ठरते.

किती जणांना त्रास होतो, यावर मोठा वाद झाला आहे. २०२४ मध्ये जर्मन संशोधकांनी सुमारे २१ हजार रुग्णांवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. नैराश्यावरचे औषध थांबवणाऱ्यांपैकी सुमारे ३१ टक्के लोकांना काही ना काही लक्षणे आली. पण औषधच नसलेली, नुसती दिसायला सारखी गोळी थांबवणाऱ्यांतही १७ टक्क्यांना आलीच. फरक धरला तर दर सहा-सात जणांत एकाला औषधामुळे त्रास झाला असे म्हणता येते, आणि तीव्र त्रास सुमारे ३५ जणांत एकाला. यातले बरेच अभ्यास थोडा काळ औषध घेतलेल्यांवरचे आहेत. दहा वर्षे औषध घेणाऱ्याला हेच आकडे सांगून धीर देणे योग्य होणार नाही.

औषध थांबवावे की नाही, हा प्रश्न याहून अवघड. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश चाचणीत नैराश्याचे औषध दीर्घकाळ घेणाऱ्या आणि बरे वाटणाऱ्या ४७८ जणांचे दोन गट केले होते. वर्षभरात औषध चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्के आणि थांबवलेल्यांपैकी ५६ टक्के लोकांचे नैराश्य परतले. थांबवलेल्या गटातल्या ४४ टक्के लोकांचे परतले नाही, हेही त्याच आकड्यात आहे. स्किझोफ्रेनिया आणि तत्सम आजारांत तराजू औषध चालू ठेवण्याकडे आणखी झुकतो. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या इंग्लंडमधल्या चाचणीत २५३ रुग्ण होते. मनोविकृतीविरोधी औषध हळूहळू कमी केलेल्या गटात दोन वर्षांत २५ टक्क्यांचा आजार गंभीरपणे उलटला, चालू ठेवलेल्यांत १३ टक्क्यांचा. आणि लोकांत मिसळण्याची, रोजची कामे करण्याची क्षमता दोन्ही गटांत सारखीच राहिली. अर्थात वाढलेले वजन, मधुमेह, सुस्ती, थरथर यांनी बेजार झालेल्या माणसाला हे आकडे वेगळे वाटू शकतात. म्हणूनच हा निर्णय डॉक्टर आणि रुग्ण यांनी समोरासमोर बसून घ्यायचा असतो.

कमी करण्याची रीत मात्र अलीकडच्या काळात बरीच स्पष्ट झाली आहे. जुना रिवाज असा: गोळी अर्धी, मग एक दिवसाआड, मग बंद. २०१९ मध्ये मार्क होरोविट्झ आणि डेव्हिड टेलर यांनी लॅन्सेट सायकिअॅट्रीत दाखवून दिले की मात्रा आणि परिणाम सरळ रेषेत चालत नाहीत. नैराश्यावरच्या सिटॅलोप्रॅमची मात्रा ४० मिलिग्रॅम असताना मेंदूतली सेरोटोनिनची वाहक प्रथिने सुमारे ८६ टक्के व्यापलेली असतात, २० मिलिग्रॅमवर सुमारे ८० टक्के. म्हणजे मात्रा निम्मी केली तरी परिणाम जेमतेम सहा टक्क्यांनी उतरला. पण ३.४ मिलिग्रॅमवरही तो ५० टक्के असतो, आणि एका मिलिग्रॅमपेक्षा कमी मात्रेवर अजून २० टक्के. पायऱ्यांच्या विहिरीत वरच्या पायऱ्या बसक्या आणि तळाची पायरी पुरुषभर उंच असावी, तसा हा उतार आहे. सुरुवातीला सगळे सुरळीत वाटते आणि शेवटच्या ‘एवढ्याशा’ गोळीला माणूस कोसळतो, याचे उत्तर इथे आहे. म्हणून प्रत्येक वेळी सध्याच्या मात्रेच्या ठरावीक टक्क्यांनी घट करायची, म्हणजे टप्पे आपोआप लहान होत जातात. दोन घटींमध्ये दोन ते चार आठवडे थांबायचे. दिवसाआड गोळी हा मार्ग टाळायचा, कारण त्यात रक्तातली पातळी रोज वरखाली होते.

अडचण दुकानात येते. एसिटॅलोप्रॅमची सर्रास मिळणारी सर्वांत लहान गोळी ५ मिलिग्रॅमची, आणि वरच्या रीतीने येणारी शेवटची पायरी त्याहून खूप खाली. काही औषधे द्रवरूपात मिळतात. फ्लुओक्सेटिनचे सिरप हे एक उदाहरण. नेदरलँड्समध्ये पीटर ग्रूट आणि जिम व्हॅन ओस यांनी रोजची घटती मात्रा वेगवेगळ्या पुड्यांत बांधलेल्या पट्ट्या तयार करवून घेतल्या. तालुक्याच्या मेडिकलमध्ये तशी सोय नाही. गोळीवर रेघ असेल तर ती निम्मी करता येते. मात्र हळूहळू विरघळणाऱ्या, नावापुढे एसआर, एक्सआर किंवा ईआर असलेल्या गोळ्या तोडायच्या वा कुटायच्या नसतात. त्यांच्या जागी दुसरे रूप कोणते, हे डॉक्टर किंवा औषधनिर्माता ठरवतो.

सगळी औषधे एका मापाने मोजता येत नाहीत. झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्या, म्हणजे अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम, या बाबतीत सर्वांत जपावे लागते, कारण दीर्घकाळ घेतलेली अशी गोळी अचानक बंद केली तर फिट येऊ शकतात आणि भ्रम होऊ शकतो. पैनगंगेपलीकडच्या राज्याने हे मोठ्या प्रमाणावर पाहिले आहे. तेलंगणात ताडीत अल्प्राझोलामची भेसळ होत असे. २०१५ मध्ये तिच्यावर कडक कारवाई झाली तेव्हा निजामाबाद, महबूबनगर भागांतून अनेक ताडी पिणारे फिट आणि बडबडीच्या अवस्थेत रुग्णालयांत दाखल झाले. आपण कुठली गोळी पीत होतो, हे त्यांना ठाऊकही नव्हते. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या डॉ. हीदर ॲश्टन यांनी १९८२ ते १९९४ या काळात अशा रुग्णांसाठी खास दवाखाना चालवला आणि संथ घटीची पद्धत लिहून ठेवली. २०२५ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचना दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के घट सुचवतात. सोबत दारू असेल तर आधी दारूविषयी डॉक्टरांशी मोकळे बोलावे लागते. भारतात अल्प्राझोलाम २०१४ पासून एच-१ यादीत आहे आणि विक्रीची नोंद ठेवणे दुकानदाराला बंधनकारक आहे. तरी जुन्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षे गोळी मिळत राहिल्याची उदाहरणे कुणालाही सांगता येतील.

लिथियम झटकन सोडले तर उन्माद उसळून येण्याचा धोका औषध न घेणाऱ्यापेक्षाही वाढतो. व्हॅल्प्रोएट किंवा कार्बामाझेपिन एखादा मूडच्या आजारासाठी घेत असला, तरी ती मुळात फिटवरची औषधे; त्याला पूर्वी फिट येत असतील तर अचानक थांबवणे जिवावर बेतू शकते. क्लोझापिन एकदम सुटले तर भास आणि संशय फार वेगाने परत येतात. मनोविकृतीवरच्या औषधांसोबत हातांची थरथर थांबवण्यासाठी दिलेले ट्रायहेक्सिफेनिडिल घरचे ‘जोडीची गोळी’ समजून आधी बंद करतात. प्रत्यक्षात मूळ औषध कमी झाल्यावर मग ते उतरवायचे असते. महिन्याला दिले जाणारे लांब परिणामाचे इंजेक्शन स्वतःहूनच सावकाश उतरते, त्यामुळे ते चुकल्याचा परिणाम दोन-तीन महिन्यांनी दिसतो आणि कारण कुणाच्या ध्यानात राहत नाही.

मदत कुठे मागायची, हा उरलेला मोठा भाग. १९९६ पासून राबवल्या जाणाऱ्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात जिल्हा पातळीवर मनोविकारतज्ज्ञ असतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मध्ये अत्यावश्यक यादीतली औषधे ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सर्व सरकारी ठिकाणी मोफत आणि सतत मिळावीत, अशी तरतूद आहे. ती पाळली गेली तर पायरीपायरीने कमी करायला लागणाऱ्या लहान मात्रेच्या गोळ्यांसाठी जिल्हा गाठावा लागणार नाही. याच कायद्याने रुग्णाला उपचाराची माहिती मागण्याचा आणि आपल्या नोंदी मिळवण्याचा हक्क दिला, तसेच पुढे आपण निर्णय घेण्याच्या स्थितीत नसलो तर कसे उपचार हवेत हे आधीच लिहून ठेवण्याची आणि आपला प्रतिनिधी नेमण्याची सोय केली. गोळ्या कमी करायला निघालेल्याने हा कागद आधी करून ठेवणे शहाणपणाचे, कारण बिघाड झालाच तर तेव्हा बोलणे कठीण जाते.

प्रवास कमी करायचा तर दूरध्वनी आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि मराठीत बोलता येते. कोलामी बोलणाऱ्या बाईला डोक्यातला झटका समजावून सांगायला मात्र मध्ये आपले माणूस लागते, आणि तिथे आशाताईची जागा दुसरे कुणी घेऊ शकत नाही. अशा गावातल्या माणसाची ताकद विदर्भात तपासून झाली आहे. राज्याच्या आरोग्य विभागाने आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत, त्यात यवतमाळही आला, ‘प्रेरणा प्रकल्पा’खाली आशांकडून घरोघर विचारपूस सुरू केली. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने दीड वर्षात नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर नेले. त्याचा अहवाल २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. गोळी सुरू करायला गावातला माणूस इतका उपयोगी पडतो, तर ती उतरवताना दर पंधरवड्याला चार प्रश्न विचारणे त्याच्या आवाक्याबाहेर नाही. या कामाचे प्रशिक्षण कार्यक्रमांत अजून ठळकपणे दिसत नाही, ही उणीव खटकते.

कुटुंबाला सोबती हवेत. कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवणारे जगन्नाथ वाणी यांच्या घरीच स्किझोफ्रेनिया होता. त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली, आणि त्यांच्याच पुढाकाराने २००४ चा ‘देवराई’ चित्रपट आला. असोसिएशनच्या स्वमदत गटांत काळजीवाहू माणसे एकमेकांचे ऐकतात. पुणे झरी जामणीपासून दूर आहे, पण अशा गटाला सभागृह लागत नाही. आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओसरीवर चार घरे बसली तरी होते.

वेळ निवडणेही उपचाराचाच भाग. जून-जुलैत बियाण्याचे पैसे आणि पावसाची चिंता असते, वेचणीच्या दिवसांत अंग मोडते, लग्नसराईत झोप बिघडते. घट सुरू करायला यातले काहीच नको. घरातल्या एकाने रोज गोळी हातात द्यावी, झोप किती लागली आणि भूक कशी आहे ते लिहावे. तीन-चार रात्री झोप न येणे, जास्तीचा संशय, अखंड बडबड किंवा मरणाचे बोलणे यांतले काहीही दिसले तर पुढची घट थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांशी संपर्क साधायचा. जीव धोक्यात वाटला तर १०८ ला फोन करायचा. शेवटची गोळी संपल्यावरही निदान सहा महिने तपासण्या चालू ठेवाव्यात, आणि आजार उन्मादाचा वा मनोविकृतीचा असेल तर त्याहून जास्त. औषध पुन्हा सुरू करावे लागले तर कुठल्या मात्रेवर माणूस ठीक होता हे कळावे, म्हणून जुनी चिठ्ठी आणि नोंदींची वही फायलीत राहू द्यावी.